पांढरा झुपका

चार खळगे रिकामे, चार भरलेले. रिकाम्या खळग्यांवरच्या चंदेरी कागदाची फाटकी टोकं बोटाला टोचत होती आणि मागची बारीक अक्षरं अगदी स्वच्छ वाचता येत होती — पॅरासिटॅमॉल, पाचशे मिलिग्रॅम, खाली एक्स्पायरी डेट... रघुवीरनं गोळ्यांची ती पट्टी खिडकीपाशी उजेडात धरली. हिरव्या जॅकेटच्या आतल्या, चेनच्या खिशात होती. जॅकेटला धुण्याच्या लिक्विडचा वास येत होता, आणि तरीही त्याला क्षणभर वाटून गेलं की त्या वासाखाली जंगलाचा, कुजक्या पानांचा वास अजून आहे. नसणारच, पण वाटलं.

"अहो, ते हिरवं जॅकेट चॅरिटी शॉपच्या बॅगेत घाला," सुप्रभानं सकाळी चहा गाळता गाळता सांगितलं होतं. "धुऊन ठेवलंय. खिसे तेवढे बघून घ्या."

तर खिसे बघितले. आता काय?

पट्टी मुठीत दाबली आणि पहिला विचार आला तो हा — बरं झालं, हिच्या हाती लागली नाही. मागोमाग लाज वाटली. पण आधी सुटका आणि मग लाज, हाच क्रम होता, आणि चौतीस वर्षं इथे लंडनच्या हॉस्पिटलांत छातीचा डॉक्टर म्हणून काढलेल्या माणसाला लक्षणांच्या क्रमाकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्यानं पट्टी पँटच्या खिशात टाकली. सदुसष्टाव्या वर्षी, स्वतःच्याच बेडरूममध्ये, चोरासारखी.

सप्टेंबरात, युगांडाच्या पश्चिमेकडच्या त्या जंगलाच्या तोंडाशी, पत्र्याच्या छपराखाली सगळ्यांना बाकांवर बसवलं होतं. सकाळचे साडेसात. छपरावर टपटप चालली होती. पाऊस नव्हता, झाडंच निथळत होती. हॅरिएट नावाची गाइड — हिरवा गणवेश, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट — एकेकाच्या कपाळासमोर थर्मामीटर धरत पुढे सरकत होती. प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म होता. गेल्या काही दिवसांत ताप, सर्दी, खोकला? होय. नाही. खाली सही. चिंपांझी आपल्या इतके जवळचे आहेत, हॅरिएट सांगत होती, की आपली साधी सर्दीसुद्धा त्यांना लागते. आपलं दोन दिवस नाक गळण्यावर निभावतं, त्यांच्या पिल्लांच्या ते जिवावर बेततं. तेव्हा कुणाला खोकला असेल तर कृपा करून इथेच थांबा... आणि हे ती मला सांगत होती! मला — ज्यानं जन्मभर "खोकला किती दिवस?" याच प्रश्नावर पोट भरलं, आणि उत्तर देणारा खोटं बोलतोय हे त्याच्या मानेच्या शिरांवरून ओळखलं.

शेजारी सुप्रभानं 'होय' वर खूण केली. सरळ. पेन थांबलंसुद्धा नाही.

पेन उचलायच्या आधी तिनं हळूच विचारलं होतं, "तुम्हाला नाही ना काही?"

"मला काय धाड भरलीय!"

हे त्याचं नेहमीचं वाक्य. तोंडातून निघायला विचार लागायचा नाही. पहाटे पाच वाजता बाथरूममध्ये दोन गोळ्या घेतल्या होत्या, आदल्या दिवशी दोन. खोकल्याची उबळ आली तेव्हा नळ मोठा सोडला होता. सुप्रभाला सर्दी झाली ती त्याच्याकडूनच. निघण्याच्या आदल्या दिवशी मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये कुणीतरी त्याच्या अंगावर शिंकलं, किंवा नसेलही शिंकलं, पण विमानात घसा खवखवायला लागला होता हे खरं. तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिचं नाक वाहायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "एसीनं झालं असणार." यानं मान डोलावली.

आणि जायचं होतं ते तिला. चाळीस वर्षं! लग्न झालं तेव्हा ती पुण्यात एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये तिनं याला भल्या पहाटे वेताळ टेकडीवर नेऊन नवरंग दाखवला होता — जमिनीवर टुणटुण उड्या मारणारा, अंगावर सगळे रंग सांडलेला पक्षी. त्याला तेव्हा चहा हवा होता. पुढे इथे आल्यावर तिला शिकवायला मिळालं नाही, एका शाळेच्या लॅबमध्ये बाटल्या लावायची नोकरी मिळाली, तीही तिनं सव्वीस वर्षं मजेत केली, आणि घरी एका वहीत लिहीत राहिली — आफ्रिकेतल्या जंगलात कुठले पक्षी, कुठल्या महिन्यात. नवरंगाचा तिकडचा भाऊबंद आहे म्हणे, हिरव्या छातीचा, पोटाशी लालभडक. तो बघायचा. आणि चिंपांझी बघायचे. दर वर्षी 'पुढच्या वर्षी'. कधी परीक्षा, कधी ऑन-कॉल, कधी आश्लेषाचं बाळंतपण. मी रिटायर झालो, दोन वर्षं झाली, तेव्हा कुठे गेलो. आणि अगदी दारातून तिला परत फिरावं लागलं, तेही माझ्या सर्दीमुळे.

"जा हो तुम्ही," ती म्हणाली होती. डोळ्यांत पाणी होतं, पण सर्दीचंही असेल. "दोघांपैकी एकानं तरी बघायला हवं. सगळं नीट बघून या. मला सांगा."

गेलो ते तिच्यासाठी, असं त्यानं आजवर स्वतःला सांगितलं होतं. आज हातातल्या बॅगेत ते जॅकेट दुमडताना त्यालाच ते पटेना. थांबलो असतो तर 'होय' लिहावं लागलं असतं, आणि 'होय' लिहिलं असतं तर तिला कळलं असतं की हे दुखणं कुणी आणलं. त्यापेक्षा जंगलात जाणं सोपं होतं.

चॅरिटी शॉप स्टेशनच्या रस्त्याला, चालत बारा मिनिटं. ऑक्टोबरची हवा, फुटपाथवर ओली पानं, शेजाऱ्यांची कचऱ्याची बिनं अजून बाहेरच. बॅग हलकी होती तरी त्यानं दोनदा हात बदलला.

...दीड तास चाललो होतो. वाट म्हणजे नुसता चिखल, त्यात हत्तींच्या पावलांचे खड्डे, खड्ड्यांत पाणी. डोक्यावरून धनेश गेले तेव्हा पंखांचा आवाज इतका मोठा की सगळेच वाकले. मग लांबून हाका आल्या — एकानं सुरू केलेली, दुसऱ्यानं उचललेली, चढत चढत किंकाळीपर्यंत गेलेली — आणि कुणीतरी झाडाच्या फळीसारख्या मुळांवर धबाधब हात मारायला लागलं. हॅरिएटनं मास्क चढवायची खूण केली. उंबराच्या जातीचं एक अवाढव्य झाड, त्याच्याखाली ते सगळे. आपापल्या कामात. कुणी दुसऱ्याच्या पाठीतल्या उवा वेचतंय, कुणी पाय पसरून फळं खातंय, आमच्याकडे बघायचं त्यांना कारणच नव्हतं. एक आई बसली होती आणि तिच्या पोटावरून खांद्यावर, खांद्यावरून पुन्हा पोटावर एक पिल्लू चढत-घसरत होतं. त्याच्या बुडाशी पांढऱ्या केसांचा एक झुपका. "तो झुपका आहे तोवर त्याला सगळं माफ," हॅरिएट कुजबुजली. "मोठ्यांच्या तोंडातला घास ओढला तरी कुणी रागवत नाही. झुपका गेला की मग शिस्त."

आणि तेव्हाच घशात ती खवखव सुरू झाली. दाबली. डोळ्यांतून पाणी आलं. जीभ टाळूला लावून, श्वास धरून, जे जे मी पेशंटना शिकवलं ते सगळं केलं. शेवटी दोन पावलं मागे सरकून एका खोडाआड गेलो. मास्कमध्ये गुदमरायला झालं, म्हणून — म्हणून काय, कारण कसलंच नाही! — तो खाली ओढला आणि कोपरात तोंड खुपसून खोकलो. दोनदा. नाही, तीनदा. मान वर केली तर खोडाच्या फटीतून ती आई माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, भीतीनंही नाही. सुप्रभा बघते तसं, मी काही हरवून घरी आलो की. आणि तिच्या माझ्यामध्ये, वाळक्या पानांवर, टुणटुण उड्या मारत एक पक्षी गेला. हिरवी छाती. पोटाशी लालभडक.

लॉजवर परतलो तेव्हा ती व्हरांड्यात शाल गुंडाळून बसली होती. मांडीवर वही. बसल्याजागी तिनं तेवीस पक्षी लिहिले होते. "सांगा," ती म्हणाली. त्यानं सांगितलं — हाका, मुळांवरचा ढोल, उवा, पिल्लाचा झुपका. तीन-तीनदा सांगितलं. पक्ष्याचं नाही सांगितलं. तो कुठे दिसला, वाट सोडून तुम्ही झाडामागे का गेला होतात, असं तिनं विचारलं असतं. तिच्यासाठी न्यायला एवढी एकच वस्तू माझ्या हाती लागली होती आणि ती मी दारात टाकून आलो.

दुकानातल्या बाईनं बॅग घेतली, "थँक यू, डार्लिंग" म्हटलं, आणि जॅकेट काढून हँगरला लावलंसुद्धा.

परतताना त्याला मंगळवार आठवला. त्या दिवशी हॅरिएटचा मेसेज आला होता, सुप्रभाच्या फोनवर. जंगलातून परतल्यावर हॅरिएट लॉजवर टेकली तेव्हा व्हरांड्यातल्या गप्पांत दोघींची मैत्री जमली होती, नंबर दिले-घेतले गेले होते. आम्ही येऊन गेलो त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी त्या कळपात खोकला सुरू झाला. पाहुण्यांना नेणं बंद केलं. बरेचसे सावरले. ते पिल्लू गेलं. तीन दिवस आई त्याला पोटाशी धरून हिंडत होती, माश्या हाकलत. खाली एक प्रश्न: त्या आठवड्यात आलेल्या सगळ्यांना आम्ही विचारतोय, तुमच्यापैकी आत गेलेल्या कुणाला काही त्रास होता का? दोष द्यायला नाही. कुठून आलं हे कळलं तर डॉक्टरांना पुढच्या वेळी उपयोग होईल.

सुप्रभानं मेसेज मोठ्यानं वाचला होता, आणि रडली होती. मग डोळे पुसून म्हणाली, "बाई गं, बरं झालं मी गेले नाही. नाहीतर जन्मभर मनाला लागून राहिलं असतं हो." आणि याच्या देखत तिनं उत्तर टाइप केलं होतं — आत फक्त माझे मिस्टर गेले, ते अगदी ठणठणीत होते.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य. आजही तेवढंच लागेल, पण आता त्यात तिचंही एक खोटं खोडावं लागेल, जे तिनं माझ्यावर विसंबून लिहिलं. हॅरिएटला खरं कळवायचं तर आधी सुप्रभाला सांगायचं. त्याशिवाय वाट नाही... पण सिद्ध काय होतं? रोज वेगवेगळे लोक जात होते. कुणाचाही असेल. कोर्टात कुणी उभं राहणार नाही याच्यावर. चौथा-पाचवा दिवस मात्र तंतोतंत बसतो — हे गणित त्याला झोपेतही येतं.

आणि ही सवय आजची नाही. इथे आलो तेव्हा सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या. प्रत्येक वेळी नव्यानं अर्ज, नव्यानं रेफरन्स. नागपूरचा एक जण होता बरोबर, फ्लूनं तीन दिवस झोपला. साहेब नुसतं म्हणाले, तुमची प्रकृती नाजूक दिसते. पुढची नोकरी त्याला मिळाली नाही. तेवढं पुरलं आम्हा सगळ्यांना. आपल्या माणसानं आजारी पडायचं नसतं, दोन गोळ्या घ्यायच्या आणि उभं राहायचं, हे आम्ही एकमेकांना गमतीनं सांगायचो आणि मग गंमत संपली तरी करत राहिलो. निरोपाच्या पार्टीत मॅनेजरबाईंनी सांगितलं, डॉक्टर टिपणीस, चौतीस वर्षांत एकही सिक डे नाही! केवढ्या टाळ्या. मीही वाजवल्या. त्या चौतीस वर्षांत सर्दीनं, तापानं फणफणलेला मी किती म्हाताऱ्यांच्या उशाशी वाकलो, किती फुप्फुसांवर... हे तेव्हा मनात आलं नव्हतं. ते यायला एका माकडाच्या पिल्लाला मरावं लागलं. माकड नव्हे. हॅरिएट रागवायची.

दुपारी ईलिंगहून आश्लेषा आली, सात वर्षांच्या तनूला घेऊन. दारातच सुप्रभानं नातीचा कोट काढून घेतला आणि टांगण्याआधी दोन्ही खिशांत हात घातला — एक ओला टिश्यू, अर्धं बिस्कीट, एक चेस्टनट.

"आई, यू आर लाइक एअरपोर्ट सिक्युरिटी," आश्लेषा हसली. "माझं लव्ह लेटर पण तूच पकडली होतीस, रिमेंबर? वॉशिंग मशीनच्या आधी."

"खिसे न बघता या घरात कधी काही धुतलं गेलंय का?" सुप्रभा म्हणाली. पण हसली नाही. परवापासून, गुरुवारपासून, ती तशी गप्पच होती; पिल्लाचं लागलं असेल मनाला, असं त्यानं धरलं होतं.

जेवणं झाल्यावर तनू त्याच्या मांडीशी येऊन बसली. "आबा, माझा शो अँड टेल आहे मंडेला, स्कूलमध्ये. मला चिंप दाखव ना."

सुप्रभानं टॅब्लेट त्याच्या हातात दिला. "आबांना विचार. आबांनी बघितलंय, मी नाही."

फोटो एकेक पुढे सरकले. चिखल. हत्तीचं पाऊल. झाड. मग ती आई, आणि खांद्यावर उलटं लटकलेलं पिल्लू, झुपका वर करून.

"सो क्यूट! त्याची व्हाइट बम!" तनू खिदळली. "आबा, तो आता मोठा झाला? इज ही ओके?"

आश्लेषा फोनमध्ये होती. सुप्रभा दाराच्या चौकटीत उभी होती, हातात ताटं घेऊन, याच्याकडे बघत.

"हो," रघुवीर म्हणाला. "मजेत आहे."

ताटं घेऊन ती आत गेली. स्वयंपाकघरात नळ सुटला, मोठा. त्याला वाटलं, पोरीला काय सांगायचं होतं मग? शाळेत जाऊन तिनं मेलेल्या पिल्लाची गोष्ट सांगायची? उत्तर चांगलं होतं, दयाळू होतं. आणि ते तोंडातून किती अलगद निघालं होतं, 'मला काय धाड भरलीय' सारखं.

साडेचारला त्या दोघी गेल्या. दिवे लावायची वेळ नव्हती पण घरात अंधारून आलं होतं. त्यानं खिशात हात घातला, पट्टी बोटाला लागली. बिनमध्ये टाकावी, पण स्वयंपाकघरातल्या नको, बाहेरच्या. आज नको, सोमवारी, कचऱ्याची गाडी यायच्या आधी... अंगठा नकळत खळग्यांवरून फिरत होता. चार रिकामे, चार भरलेले. कागद कोरा करकरीत. अक्षरं स्वच्छ.

अंगठा थांबला.

जॅकेट धुतलेलं होतं.

मशीनमधून फिरलेल्या खिशातली पट्टी अशी राहत नाही. पाणी आत शिरतं, भरल्या खळग्यांतल्या गोळ्या विरघळतात, अक्षरं पुसली जातात. ही पट्टी मशीनमध्ये गेलीच नव्हती. धुण्याआधी कुणीतरी ती काढली होती, आणि जॅकेट वाळल्यावर, चेन उघडून, आतल्या खिशात होती तशी परत ठेवली होती. आणि मग — खिसे तेवढे बघून घ्या. चाळीस वर्षांत या घरात एक खिसा तिनं दुसऱ्याला बघू दिला नाही.

गुरुवारी धुतलं होतं जॅकेट. गुरुवार, शुक्रवार, आज. तीन दिवस हिनं हे पोटाशी धरून...

राग आला तिचा, खरंच आला. सरळ तोंडावर का मारली नाहीस ती पट्टी माझ्या, परीक्षा कसली घेतेस? पण राग टिकेना. ही परीक्षा नव्हती. पेशंट खोटं बोलतोय हे कळल्यावर मी काय करायचो? खुर्ची थोडी मागे घ्यायचो, खिडकीकडे बघायचो, त्याला वेळ द्यायचो. हे तिला मीच कधीतरी फुशारकीनं सांगितलं होतं. ती मला वेळ देत होती. आणि आज दुपारी, पोरीसमोर, त्या वेळेत मी काय केलं?

सुप्रभा आत आली. हातात चहाचे दोन कप नव्हते, फोन होता. समोरच्या खुर्चीत बसली, चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि त्याच्याकडे न बघता, बाहेरच्या करड्या उजेडाकडे बघत म्हणाली,

"हॅरिएटचा परत मेसेज आलाय. बाकीच्यांची उत्तरं आली म्हणते, सगळेच 'नाही' म्हणतात. पुन्हा एकदा विचारून बघा म्हणते, घरात. काय लिहू?"

आवाजात धार नव्हती. थकवा होता, आणि दाराच्या आतून कडी काढून ठेवावी तसं काहीतरी.

त्यानं तोंड उघडलं. नेहमीचं वाक्य जिभेवर यायला हवं होतं, चाळीस वर्षं न बोलावता आलं होतं ते. त्यानं वाट पाहिली, आणि ते आलं नाही. त्याजागी भलतंच काही वर येत होतं — वाळकी पानं, खोडाची फट, हिरव्या छातीचा तो पक्षी. तिथूनच सुरुवात करावी लागेल. सुप्रभा, तुझा पक्षी मी बघितला. कुठे, असं ती विचारील. का गेला होतात झाडामागे, असं विचारील.

विचारू दे, असं त्याला वाटलं.